रेशन दुकानातला अंगठा

रेशन दुकानात धान्य घ्यायचे तर ई-पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो. दुकानदार शिधापत्रिकेचा क्रमांक टाकतो, कुटुंबातल्यांची नावे पडद्यावर येतात आणि हजर असलेल्या सदस्याचा ठसा मोबाइल नेटवर्कवरून आधारच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो. तिथून ठसा जुळला की नाही, एवढेच कळते. जुळला तर पावती निघते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते.

या व्यवस्थेचा फायदा खरा आहे. बनावट किंवा मयतांच्या नावावर धान्य उचलणे अवघड झाले आणि कामासाठी पुण्या-मुंबईला आलेल्या मजुराला तिथल्या दुकानातून आपला वाटा घेता येऊ लागला. पण मशीन फक्त माणूस ओळखते. पावतीवर २० किलो छापून पिशवीत १८ किलो घातले, तर ते तिला कळत नाही. चोरीची एक वाट बंद झाली, मापातली उघडीच राहिली.

देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगराळ भागात रेंज मिळवायची धडपड असते. रेंज असली तरी ऊसतोड, गवंडीकाम, भांडी घासणे यांनी बोटांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. म्हणजे ज्यांना धान्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचाच अंगठा बहुधा लागत नाही. त्यांच्यासाठी मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन असे पर्याय आहेत. मात्र ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतो, आणि तो क्रमांक कधीच बंद पडलेला असू शकतो.

पैशांच्या योजनांत अडचण वेगळी असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. एकीची दोन-तीन खाती असतील, तर आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले तिथे रक्कम जाते. हे माहीत नसलेली बाई दुसऱ्याच बँकेत पासबुक भरून घेत राहते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर आधारवर एक, खात्यावर दुसरे आणि शिधापत्रिकेवर तिसरेच नाव निघते. कागदांचा हा मेळ कोण घालून देतो? सेतू केंद्रातला मुलगा, अंगणवाडीताई, शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी. ऑनलाइन म्हणवणारी योजना प्रत्यक्षात यांच्या वेळेवर आणि भलेपणावर चालते. त्यांना त्यासाठी प्रशिक्षण आणि मोबदला मिळायलाच हवा.

पडताळणी फसली म्हणून कुणाचा लाभ अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले. धान्य दिले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यातच आहे. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग आणि १९६७ ही हेल्पलाइन आहे. पण पावती निघते ती धान्य मिळाल्याची. अंगठा न लागून परत गेलेल्याच्या हाती सहसा काहीच नसते. नकाराचीही पावती मराठीत, कारणासह आणि पुढे कुठे जायचे ते सांगणारी मिळाली, तर भत्ता मागायला पुरावा तयार होईल.