वजनकाट्याला न दिसणारा आजार

हाताची मूठ वळली की बोटांच्या मुळाशी सांधे वर येतात. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांना आपल्या काही रुग्णांच्या याच सांध्यांवर लहान घट्टे आणि खरचटल्याचे वण दिसले. मुद्दाम उलटी काढताना दात तिथे पुन्हा पुन्हा घासले जात होते. वैद्यकात ही खूण आजही ‘रसेल साइन’ म्हणून शिकवतात. १९७९ मध्ये रसेल यांनी ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या आजाराला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव दिलं.

उपाशी राहून शरीर खंगवणारा अनोरेक्सिया डॉक्टरांना त्याआधी शंभर वर्षं माहीत होता. रसेल यांच्या बहुतेक रुग्णांना तोही कधीतरी, उघड किंवा छुप्या रूपात, होऊन गेला होता. पण आता त्यांचं वजन अनोरेक्सियाच्या रुग्णांपेक्षा जास्त होतं, आणि पाळी नियमित असण्याची शक्यताही जास्त होती. वरवर सगळं ठीक. आत मात्र तीव्र नैराश्य आणि आत्महत्येचा मोठा धोका. रसेल यांनी लेखाच्या शीर्षकातच या आजाराला अनोरेक्सियाचं अशुभसूचक रूप म्हटलं होतं.

बुलिमियात एक चक्र फिरत राहतं. आधी कडक डाएट. भुकेलं शरीर आणि मन एका क्षणी बंड करतं आणि खा-खा सुटते. थोड्या वेळात इतकं खाल्लं जातं की एरवी कुणी खाणार नाही, आणि हात थांबवणं आपल्या ताब्यात राहत नाही. मग शरम, जाड होण्याची भीती, आणि खाल्लेलं भरून काढण्याची धडपड: उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, कडकडीत उपास, अंग मोडेपर्यंत व्यायाम. दुसऱ्या दिवशी डाएट आणखी कडक. हे तीन महिने, सरासरी आठवड्यातून एकदा जरी घडत असेल, तरी निदानासाठी पुरेसं आहे. याला हावरेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. आजार मुलींमध्ये जास्त आढळतो, पण मुलग्यांनाही होतो, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

या धडपडीतून हाती काय लागतं? फारच थोडं. उलटी होईपर्यंत अन्नाचा बराच भाग शोषला गेलेला असतो. जुलाबाच्या गोळ्यांचं काम मुख्यतः मोठ्या आतड्यात चालतं, आणि अन्नातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली जाते. काटा खाली येतो तो गेलेल्या पाण्यामुळे.

खरं संकट त्या पाण्याबरोबर सुरू होतं. उलटीवाटे जठरातलं आम्ल आणि क्लोराइड जातं, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंडांना ते जाणवतं आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याचं काम सोडियम आणि पाणी धरून ठेवणं. पण सोडियम राखताना मूत्रपिंड पोटॅशियम सोडून देतं. त्यामुळे उलटीत जातं त्यापेक्षा जास्त पोटॅशियम नंतर लघवीतून जातं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं. हृदयाच्या स्नायूंचे विद्युतसंदेश त्यावर अवलंबून असतात. पातळी फार घसरली की ठोके बिघडतात आणि हृदय अचानक थांबूही शकतं. वजन अगदी योग्य असलेल्या, हसतखेळत कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीतही हे घडू शकतं. माझ्या मते या आजाराबद्दल सर्वांत आधी सांगायला हवी ती ही गोष्ट.

यात आणखी एक फसवी अडचण आहे. उलट्या आणि जुलाब थांबवले, तरी वाढलेलं अल्डोस्टेरॉन लगेच उतरत नाही. काही दिवस ते पाणी धरून ठेवतं आणि पाय, चेहरा सुजतात. सुधारणेच्या वाटेवर आलेली मुलगी ही सूज म्हणजे चरबी समजते, घाबरते आणि पुन्हा उलट्यांकडे वळते. ही सूज तात्पुरती आहे, हे उपचार करणाऱ्यांनी तिला आधीच सांगितलं पाहिजे.

पुष्कळदा पहिली शंका दाताच्या डॉक्टरांना येते. दाताचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं आणि जठरातलं आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असतं. त्यामुळे वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते, दात सळसळतात. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल आणखी घासलं जातं, तेव्हा फक्त चूळ भरावी. कानाखालच्या लाळग्रंथी फुगून गाल गालगुंडासारखे दिसतात, पण सहसा दुखत नाहीत. घसा खवखवतो, आवाज बसतो, जोर लावल्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. अन्ननलिकेचं अस्तर फाटलं तर उलटीत रक्त दिसतं.

हे सगळं लपवता येतं, आणि लपवलं जातं. नोव्हेंबर १९९५ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात प्रिन्सेस डायना आपल्या बुलिमियाबद्दल उघडपणे बोलल्या. वजन तेवढंच राहतं, म्हणून कुणाला पुरावा मिळत नाही आणि सोंग निभावता येतं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ती मुलाखत पत्रकाराने फसवणुकीने मिळवली होती, हे २०२१ च्या चौकशीतून बाहेर आलं. तो अन्याय मान्य करूनही म्हणावं लागतं की त्यांच्या कबुलीने अनेकांना बळ दिलं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या बुलिमियाच्या नोंदी नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढल्या आणि मग उतरल्या. डायनांमुळे रुग्ण मदतीसाठी पुढे आले, हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांनी सुचवलं आहे.

घरात काय दिसतं? जेवण झाल्या झाल्या बाथरूम आणि बराच वेळ सोडलेला नळ. एका रात्रीत रिकामे झालेले खाऊचे डबे, दप्तरात दडवलेली रॅपर्स, जुलाबाच्या गोळ्यांची पाकिटं. सगळ्यांबरोबर जेवायला बसणं टाळणं. आपल्याकडे उपासाचं कौतुक होतं, त्यामुळे चतुर्थी, एकादशी, गुरुवार असे वाढत गेलेले उपास कुणाला खटकत नाहीत. एखादं लक्षण दिसलं म्हणून निदान करू नये, पण तीन-चार जुळून आली तर बोलायला हवं. एकांतात, शांतपणे, अन्नाचा किंवा वजनाचा विषय न काढता: ‘तू हल्ली खूप त्रासात दिसतेस, मी काय करू?’ पाळत ठेवणं, ताटावर नजर ठेवणं याने लपवणं वाढतं. आणि लग्नकार्यात भेटल्याबरोबर ‘किती सुटलीस गं!’ म्हणणं आपण सगळ्यांनीच बंद करावं.

बुलिमिया बरा होऊ शकतो. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली वर्तन व विचार उपचारपद्धती सर्वांत जास्त तपासली गेली आहे. तिची सुरुवात दिवसभर ठरावीक वेळी, उपाशी न राहता खाण्यापासून होते, कारण उपास तुटला की खा-खाही कमी होते. किशोरवयात आईवडिलांना उपचारात सामील करून घेतात. फ्लुओक्सेटिन हे औषधही उपयोगी ठरतं, मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावं.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मात्र छातीत धडधड, भोवळ, हातापायांत गोळे किंवा उलटीत रक्त असं काही दिसलं, तर फोनवर वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा, आणि उलट्या व गोळ्यांबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. पोटॅशियम आणि ईसीजी लगेच तपासायला हवेत, हे त्यांना त्यावरूनच कळेल.