पंगतीतील वावडे आणि आपली जबाबदारी

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर चाकरमानी मुलाबाळांसह खेड तालुक्यातील आपापल्या वाडीत येतात. बहुतेक वर्षी याच सुमारास वैशाख पौर्णिमाही येते, लग्नकार्ये असतात. विहाराच्या अंगणात मांडव पडतो, चुलींवर मोठे टोप चढतात आणि पंगतीला शेदीडशे माणसे बसतात. या आनंदात एका गोष्टीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. ती म्हणजे अन्नाचे वावडे, ज्याला डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरगुती जेवणात माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला वांग्या-बटाट्याची भाजी वाढण्यात आली. तिला कोळंबी चालत नाही हे सर्वांना ठाऊक होते. भाजीत कोळंबी नव्हतीच. चवीपुरते मूठभर सोडे टाकले होते! सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबीच, हे आमच्या काकींना माहीत नव्हते असे नाही, पण त्या घाईत ते ध्यानात आले नाही. दहा मिनिटांत मुलीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा," असे म्हणत आम्ही अर्धा तास घालवला. पुढे आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, तेव्हा कोठे जीप शोधण्याची धावपळ सुरू झाली. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिले आणि मुलगी वाचली. तो अर्धा तास मला आजही बोचतो.

असे का होते? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. काही माणसांच्या बाबतीत ती एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते. ते अन्न पोटात जाताच हिस्टामीनसारखी रसायने रक्तात सुटतात. त्यामुळे कातडी सुजते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे की, या तीव्र प्रकाराचा शोध फ्रान्सचे शार्ल रिशे व पोर्तिए यांनी 1902 साली लावला आणि त्याबद्दल रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोळंबीतील अपायकारक प्रथिन शिजवल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही. म्हणून सोडे, जवळा, सुकट हे सारे तितकेच घातक. काहींना नुसत्या शिजणाऱ्या वाफेनेही त्रास होतो.

मात्र प्रत्येक त्रास म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. पौर्णिमेची खीर खाऊन ज्यांचे पोट फुगते, त्यांना बहुधा दुधातील साखर पचत नाही. त्यात जिवाला धोका नसतो. दुधाची खरी अ‍ॅलर्जी निराळी. उन्हात राहिलेला बांगडा खाऊन एकाच वेळी चारपाच जणांचे चेहरे लाल झाले, तर तो शिळ्या माशात तयार झालेल्या हिस्टामीनचा परिणाम असतो, आणि तो शिजवून जात नाही. काजूच्या बोंडावरील बीचा चीक लागून हात उततात तेही वेगळे. पण काजूगराची अ‍ॅलर्जी असलेल्यास रश्श्यात वाटलेले चार काजूही पुरे होतात. शेंगदाण्याचे कूट तर कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत कोठेही असते.

दुकानातील पाकिटावर असे घटक छापणे 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक केले आहे. आपल्या टोपाला लेबल नसते. तेव्हा स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्याने आमंत्रण देतानाच "कोणाला काही वावडे आहे काय?" असे विचारावे. सोडे किंवा कूट घालण्यापूर्वी थोडी भाजी वेगळ्या भांड्यात काढून ठेवावी, तिची पळी निराळी असावी आणि त्या माणसाला पहिल्या पंगतीत, पळ्यांची सरमिसळ होण्याआधी वाढावे. कोळंबीच्या रश्श्यातून कोळंबी वेचून काढली म्हणजे तो रस्सा चालतो, हा समज साफ चुकीचा आहे.

याहून अवघड गोष्ट आग्रहाची. "बाय, येवढंसं खाल्लंस म्हणून काय व्हतंय?" असे आजी मायेनेच म्हणते. मुंबईला राहून पोरे नाजूक झाली, अशी थट्टाही होते. मूल लाजते आणि घास घेते. नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढणे हा पाहुणचार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी आधी दिलेली सेट्रिझिनसारखी गोळी उपयोगी पडते. आवळलेला घसा मात्र ती मोकळा करू शकत नाही. आवाज बदलणे, धाप लागणे, वारंवार उलट्या, चक्कर यांपैकी काही दिसले तर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय होय. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास घेता येत नसेल तर बसू द्यावे, पण चालवत नेऊ नये. 108 क्रमांकास फोन करावा. वाडी डोंगरात असेल तर गाडी कोणाची व चालक कोण हे मांडव घालतानाच ठरवून ठेवावे, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात थेट न्यावे. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी लगेच घरी आणू नये. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढा वेळ तेथेच थांबावे.