स्वस्त विजेची वेळ आता भरदुपारी

महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या वीजबिलात बरीच वर्षं वेळेनुसार दराचा एक तक्ता होता. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत वापरलेल्या युनिटला दीड रुपया सूट. संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैसे जादा. आणि सकाळी नऊ ते बारा, म्हणजे सगळी कामं सुरू व्हायच्या वेळेला, ८० पैसे जादा. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांनाही वेळेनुसार दर लागू झाला. त्यात टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार युनिट मोजणारा मीटर, असलेल्या घराला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या युनिटवर सूट मिळाली. ही सूटही ८० पैशांची, आणि पाच वर्षांत वाढत वाढत एक रुपयापर्यंत जाईल असं ठरलेलं. ज्या वेळेला कारखाने ८० पैसे जादा मोजत होते, त्याच वेळेला २०२५ मध्ये घरात ८० पैसे कमी लागू लागले. इतक्या थोड्या वर्षांत हे सगळं उलटं कसं झालं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

विजेला वेळ असते, हे मराठवाड्यातल्या अहमदपूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. भारनियमनाच्या काळात लाईट कधी जाणार आणि थ्री फेज कधी येणार हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असायचं. पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, रानातली मोटर, सगळं त्या वेळापत्रकावर चालायचं. तेव्हा प्रश्न वीज आहे की नाही, एवढाच होता. आता वीज असते, पण ती कोणत्या वेळेला कितीला पडते हा प्रश्न आहे.

वीज साठवून ठेवणं महाग पडतं, त्यामुळे जेवढी लागते तेवढीच त्या क्षणाला तयार करावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की जनित्रांची गती किंचित मंदावते आणि सेकंदाला ५० आवर्तनांची वारंवारता खाली घसरते. देशाच्या ग्रिडमध्ये ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान ठेवायची असते. राज्यात हा तोल कळव्याचं भार प्रेषण केंद्र सांभाळतं. तिथे स्वस्त वीज आधी घेतात, मागणी चढेल तशी महागडी केंद्रं एकामागून एक जोडत जातात. म्हणून संध्याकाळी साडेसातला आपण लावलेला बल्ब आणि दुपारी दीडला लावलेला बल्ब सारखीच वीज खातात, पण ग्रिडला त्या दोघांचा खर्च सारखा पडत नाही.

पूर्वी दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकानं सगळी चालू असायची आणि मध्यरात्री मागणी खाली जायची. कोळशाचं केंद्र मात्र रात्री बंद करून सकाळी लगेच चालू करता येत नाही. परळीसारख्या केंद्राचा थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण क्षमतेला आणायला तासन् तास जातात. त्यामुळे रात्री वीज उरायची आणि ती खपावी म्हणून सूट द्यावी लागायची. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आला तो याच कारणाने. रात्रीचे सात तास स्वस्त, त्यात घर गरम करायच्या विटांच्या हीटरमध्ये उष्णता भरून ठेवायची.

मग सौरऊर्जा आली. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. सूर्याला कोळसा लागत नाही. एकदा पॅनेल बसलं की दुपारची वीज जवळजवळ फुकट तयार होते. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. उन्हाच्या वेळेतले भाव पडतात, आणि सूर्य मावळला की तेच भाव चढून कधी कधी युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतात. संध्याकाळचा हा चढ फार उभा असतो. पॅनेलं थंडावतात नेमकी त्याच वेळेला घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, शेगड्या सुरू होतात. हा चढ पेलायला कोयनेची १,९६० मेगावॅटची जलविद्युत उपयोगी पडते, कारण पाण्याची टर्बाइन काही मिनिटांत वेग घेते. पण कृष्णा तंटा लवादाने या विजेसाठी पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून टाकलं आहे. म्हणजे संध्याकाळच्या या विजेमागे मोजून मापून वापरायचं पाणी आहे. आणि पाण्याअभावी परळीचे संच बंद पडलेले ज्या मराठवाड्याने पाहिले, त्याला याचा अर्थ फोड करून सांगायची गरज नाही.

हा बदल आपल्याकडेच झाला असं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२० पासून सकाळी दहा ते दुपारी तीन हा स्वस्त काळ आहे. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून रात्रीचे स्वस्त तास होते. त्यांतले काही तास २०२५ च्या अखेरीपासून दुपारकडे सरकवायला त्यांनी सुरुवात केली.

आता घरात या. कोणतं काम दुपारी नेता येतं? फ्रिज सरकवता येत नाही, रात्रीचा पंखा येत नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यातला कूलर बहुतेक दुपारीच घुमतो, त्याला सूट आपोआप मिळते. गिझर सकाळी सहाला लागतो, तो सवलतीच्या वेळेबाहेर. थंडीत १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिट लागतं, आणि तिथे सौर बंबाला तोड नाही.

सरकवायला सगळ्यात सोपी आहे ती पाण्याची मोटर. आपल्याकडे बहुतेक गावांत पालिकेचं पाणी रोज येत नाही. आलं की हौदात घ्यायचं आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. रोज अर्धा तास चालली तर महिन्याला १५ युनिट झाले. टाकी संध्याकाळी सातला भरली काय आणि दुपारी बाराला भरली काय, नळाला पाणी तेच येणार. खरं तर गच्चीवरची टाकी ही विजेची साठवण करायची घरातली सगळ्यात स्वस्त जागा आहे. दुपारची वीज तिथे उंचीवरच्या पाण्याच्या रूपात बसून राहते. घरघंटी, इस्त्री, वॉशिंग मशीन यांचंही तसंच. विजेवरची स्कूटर असेल आणि दुपारी ती घरी उभी असेल, तर तिचे तीन-साडेतीन युनिटही नऊ ते पाचमध्ये भरता येतात.

हे सगळं मिळून महिन्याला ४० युनिट दिवसा नेले असं धरू. सुरुवातीच्या ८० पैशांनी ३२ रुपये झाले, वर त्यांवरचं १६ टक्के वीज शुल्क वाचलं. म्हणजे ३७ रुपये.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. आपला दर टप्प्याटप्प्यांचा आहे. २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे पडत होते, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे. नंतर आकडे बदलले, पण शंभराच्या पुढे दर दुपटीच्या आसपास जातो ही रचना तशीच राहिली. या दराने १५० युनिटच्या घराला पहिले १०० युनिट ५८८ रुपयांना आणि पुढचे ५० युनिट ५७३ रुपयांना पडतात. अर्धी वीज, जवळजवळ तेवढेच पैसे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालणारे दोन पंखे बदलले की महिन्याला ४० युनिट वाचतात, आणि ते वरच्या टप्प्यातले असल्यामुळे साडेचारशे रुपयांच्या घरात वाचतात. ३७ रुपये एकीकडे, साडेचारशे दुसरीकडे. म्हणून वेळ बदलण्याआधी वापर शंभराच्या जवळ आणा, असंच मी कोणत्याही घराला सांगेन. ज्यांचा वापर मुळात शंभराच्या आत आहे त्यांनी मात्र वेळेकडे जरूर बघावं, कारण त्यांच्याकडे कमी करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

शेतीतही वीज दिवसाकडे सरकते आहे, पण वेगळ्या वाटेने. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. तिथे दराने वेळ बदलता येत नाही, फीडरने येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सौर प्रकल्पाची वीज शेतीच्या फीडरला दिवसा देतात. आठवड्यातले काही दिवस रात्रीची थ्री फेज आणि हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर उभं राहायचं, हे ज्यांनी केलं आहे त्यांच्यासाठी दिवसाच्या विजेचं मोल पैशांत येत नाही. या सगळ्या बदलातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं.

घरगुती सवलतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. केंद्र सरकारने १४ जून २०२३ ला ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी असावा, असं त्यात म्हटलं आहे. शंभर युनिटच्या पुढचा वीज आकार दहा रुपयांच्या आसपास असताना २० टक्के म्हणजे दोन रुपये होतात, ८० पैसे नव्हेत. दोन रुपये मिळाले तर दुपारी मोटर लावायची आठवण कुणालाही राहील. दर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग हरकती आणि सूचना मागवतो. उद्योगांच्या संघटना तिथे तपशीलवार आकडेमोड घेऊन जातात. घरगुती ग्राहकांच्या बाजूनेही पुढच्या वेळी हा एक प्रश्न तिथे लेखी जायला हवा: दुपारची वीज इतकी स्वस्त झाली असेल, तर दुपारी टाकी भरणाऱ्या घराला त्यातले ८० पैसे ते एक रुपयाच का?