आधी माप, मग भोक

श्रोतेहो, विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या शाळांतून पुठ्ठा, डिंक आणि करवत यांची धांदल सुरू होते. कुणी पूल करतो, कुणी मोटेची विहीर, कुणी बैलगाडी. वस्तू दिसायला सुबक होते. पण चाक फिरत नाही, खुंटी डगमगते, नाहीतर ऐन वेळी लाकूडच तडकते. दोष कशात असतो? पुष्कळदा तो एका बारीकशा भोकात असतो.

माझीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने आठ दिवस खपून बैलगाडी केली. प्रमाण एकास वीस. म्हणजे खरी गाडी या गाडीच्या वीसपट. शेवटच्या रात्री जुवाला शिवळांसाठी भोके पाडायची राहिली होती. पोर म्हणाले, “काका, एवढं करून द्या ना.” मी हाताला लागला तो खिळा घेतला आणि हातोडी मारली. जू उभे चिरले. पोर एक अक्षर बोलले नाही. त्याने काही बोलले असते तर मला बरे वाटले असते.

सकाळी शेजारचे सुतारबाबा आले. तुकडे पाहून म्हणाले, “मास्तर, खिळा लाकूड फाकवतो, गिरमिट लाकूड काढून घेतं. आणि हत्यार धरण्याआधी माप घ्यावं की हो!”

या दोन वाक्यांत सगळा विषय आला. तो जरा उलगडून पाहू.

बारीक भोकासाठी जे पीळदार पाते मिळते त्याला बाजारात ‘ड्रिल बिट’ किंवा नुसते ‘बिट’ म्हणतात. कोणते बिट घ्यायचे हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. खऱ्या वस्तूची जाडी मिलिमीटरांत मोजा आणि तिला प्रमाणाच्या आकड्याने भागा. आम्ही खरी शिवळ मोजली, ती 24 मिलिमीटर भरली. 24 भागिले 20, म्हणजे 1.2. आस 40 मिलिमीटर, म्हणून प्रतिकृतीत 2. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला जी खीळ असते ती 12 मिलिमीटर, म्हणून 0.6.

आता माझा खिळा पाहा. तो होता 3 मिलिमीटरचा. जू होते 4 मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर लाकूड उरले, ते तडकणारच! शिवाय 3 गुणिले 20 म्हणजे 60. खऱ्या गाडीला मनगटाएवढी शिवळ कुणी पाहिली आहे काय? 1.2 मिलिमीटरचे भोक असते तर दोन्ही अंगांना 1.4 मिलिमीटर लाकूड राहिले असते. भोकाच्या दोन्ही बाजूंना निदान भोकाएवढे तरी अंग राहावे, हा आडाखा लक्षात ठेवा.

प्रमाण बदलले की बिट बदलते. बाजारात विमाने नि रणगाडे यांच्या प्रतिकृतींचे संच मिळतात, त्यांवर 1:72, 1:35 असे आकडे असतात. 1:72 म्हणजे सहा फुटांना एक इंच. तीच 24 मिलिमीटरची शिवळ 1:35 मध्ये सुमारे 0.7 ची होईल आणि 1:72 मध्ये अवघी 0.33 ची.

इथे दशमान मापाचा फायदा कळतो. इंची पद्धतीत बारीक बिटांना नुसते क्रमांक असत, आणि क्रमांक वाढला की बिट बारीक होई. 60 क्रमांकाचे बिट सुमारे 1 मिलिमीटरचे, तर 80 क्रमांकाचे 0.34 मिलिमीटरचे! हे पाठ कोण करणार? आपल्याकडे 1956 साली वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धत आली, म्हणून आज चौथीतल्या मुलालाही बिटावरचा आकडा कळतो. 0.8 लिहिले असेल तर जाडी 0.8 मिलिमीटर.

शिक्षक विचारतील, “तार किती जाड आहे हे साध्या पट्टीने कसे मोजायचे?” युक्ती सोपी आहे. तार पेन्सिलीवर वीस वेढे घट्ट, एकमेकांना चिकटून गुंडाळा. वेढ्यांची एकूण लांबी मोजा आणि वीसने भागा. वीस वेढे 12 मिलिमीटर भरले तर तार 0.6 मिलिमीटरची. गणिताच्या तासाला हा प्रयोग जरूर करून घ्या.

तार डिंकाने पक्की बसवायची असेल तर तिच्याच मापाचे बिट घ्यावे. आत आस फिरवायचा असेल तर 0.1 मिलिमीटर मोठे घ्यावे. 2 च्या आसाला 2.1. नाहीतर चाक अडते.

आता बिटाची जात. दुकानात दोन जाती मिळतात. एक हायस्पीड स्टीलचे, दुसरे कार्बाइडचे. ज्या रेडिओवर आपण ही भाषणे ऐकता, त्याच्या आतील पट्टीला मिलिमीटरभराची बारीक भोके असतात. अशी भोके यंत्रावर कार्बाइडच्या बिटाने पाडतात. कार्बाइड फार कठीण असते, पण ठिसूळ असते. हात जरा वाकडा झाला की काडीसारखे मोडते. यंत्र हलत नाही, आपला हात हलतो. म्हणून हाताने काम करणाऱ्याने स्टीलचेच बिट घ्यावे. ते पेन्सिलीएवढ्या मुठीत बसवतात. या मुठीला ‘पिन-व्हाइस’ म्हणतात. ती बोटांनी फिरवायची.

बारीक बिट किती नाजूक असते? जाडी निम्मी झाली की पिळाला टिकण्याची ताकद निम्मी होत नाही, ढोबळमानाने आठवा हिस्सा उरते. म्हणजे 0.6 च्या बिटाला 1.2 च्या बिटाइतका जोर लावाल तर ते तुटणारच. म्हणून आधी सुईने जागेवर टोचा घ्यावा, म्हणजे टोक घसरत नाही. मुठीबाहेर बिट गरजेपुरतेच ठेवावे. चार वेढे फिरवावे, बाहेर काढून भुसा झाडावा, पुन्हा फिरवावे. प्लास्टिकमध्ये तर घाई नकोच. ते घर्षणाने तापून मऊ होते आणि बिटाला चिकटते.

मग शाळेने काय विकत घ्यावे? मोठा संच घेण्याची गरज नाही. एक मूठ आणि 0.6, 0.8, 1, 1.2, 1.5 नि 2 ही सहा बिटे पुष्कळ झाली. त्यांतली 0.6 आणि 0.8 ची दोन-दोन घ्यावीत, कारण मोडणार ती हीच. मोडले म्हणून मुलाला रागावू नये. का मोडले हे विचारावे.

माझ्या पुतण्याचे पुढे काय झाले? प्रदर्शनाला गाडी जुवाविनाच गेली. बक्षीस मिळाले नाही. पण पुढच्या रविवारी तो पट्टी घेऊन सुतारबाबांकडे गेला, शिवळ मोजली, भागाकार केला आणि नवे जू स्वतः केले. मी हात लावू म्हटले, तर म्हणाला, “काका, तुम्ही फक्त धरा.”

मी धरले. शिवळ अलगद बसली. बंधूंनो, तुमच्याही अंगणात गाडी उभी असेल. मुलांना पट्टी द्या आणि आधी ती मोजायला सांगा.