करवतीला सरकती गाडी : मधुपेटीच्या अचूक कामासाठी अल्पखर्ची सुधारणा

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडल्यानंतर लागणारे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या ह्या परिसरात फाळणीनंतर सिंधी निर्वासित बांधव येऊन राहिले, आणि १९४९ साली ह्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील फर्निचरचा बाजार प्रसिद्ध आहे. बदलापूर-मुरबाडकडील शेतकऱ्यास मधुपेट्या करवून घ्यावयाच्या असतील, तर लाकूडकामाची अशी सोय जवळ असणे हा मोठाच लाभ होय. मात्र मधुपेटीचे काम खुर्ची-मेजाच्या कामापेक्षा अधिक काटेकोर असते.

अचूकपणा कशासाठी ?

अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ ह्यांनी १८५१ साली असे ओळखले की, चौकट व पेटीची भिंत ह्यांमध्ये सुमारे ६ ते ९ मि.मी. वाट ठेवल्यास मधमाश्या ती मोकळी ठेवतात. वाट मोठी झाली तर तेथे आडवी पोळी बांधली जातात. लहान झाली तर चौकटी अडकतात व उचलताना माश्या चिरडतात. म्हणजे चुकीला वाव अवघा ३ मि.मी.चा. सातेरी माशीसाठी पेटी करताना तिच्याच पेटीची मापे घ्यावीत.

लहान गोल करवतीवर फळी आडवी कापताना सामान्यतः मेजाच्या खाचेत लाकडी पट्टी सरकवितात. पावसाळ्यात ही पट्टी फुगून अडते, उन्हाळ्यात सैल होते. २०० मि.मी. लांबीच्या पट्टीत १ मि.मी. खेळ असला, तर ३०० मि.मी. रुंद फळीच्या टोकास दीड मि.मी.ची चूक पडते. आपल्या ३ मि.मी.पैकी निम्मा वाव येथेच संपला !

उपाय व त्याचा खर्च

ह्यावर उपाय म्हणजे दांड्यावरून सरळ रेषेत धावणारे बेअरिंग. त्याच्या आत पोलादी गोळ्यांच्या रांगा फिरत असतात. दोन दांडे व चार बेअरिंगे घेण्याची प्रथा आहे. परंतु दोन्ही दांडे तंतोतंत समांतर न बसल्यास गाडी अडते. म्हणून काटकसरीची रीत अशी : मेजाच्या कडेस २० मि.मी. व्यासाचा एकच अचूक दांडा बसवावा. त्यावर २५० ते ३०० मि.मी. अंतराने दोन बेअरिंगे ठेवावीत. गाडीची बाहेरची बाजू साध्या ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगच्या चाकाने सपाट लोखंडी पट्टीवर टेकवावी. दिशा दांडा देईल, भार पट्टी वाहील. दांडा व त्याची बेअरिंगे ह्यांचा खर्च त्यामुळे निम्म्यावर येतो. गाडीचा पाट १८ मि.मी. जाडीच्या जुन्या प्लायवुडचा चालेल.

दांड्याच्या जाडीत मात्र काटकसर करू नये. दोन टोकांवर टेकलेल्या १ मीटर दांड्याच्या मध्यावर १० किलो भार दिल्यास २० मि.मी.चा दांडा सुमारे सव्वा मि.मी. वाकतो, १२ मि.मी.चा जवळजवळ १० मि.मी. ! शक्य असल्यास खालून अखंड आधार असलेला दांडा घ्यावा. त्यास खालून उघडी असलेलीच बेअरिंगे लागतात, बंद बेअरिंगे आधारावरून जाऊ शकत नाहीत. साधी लोखंडी सळई वापरू नये, कारण गोळ्यांनी तिच्यावर चरे पडतात. भंगारातील दांडा घेताना टोकास कानस लावून पाहावी. कानस घसरली तर दांडा कठीण केलेला आहे. तिने धातू कापला तर तो सोडून द्यावा.

जोडणी

१. प्रथम करवतीचा वीजपुरवठा तोडावा.

२. पात्याच्या एका दातावर खूण करावी. गाडीवर मोजणीची काडी घट्ट बसवून तो दात पुढे असताना व हाताने फिरवून मागे आणल्यावर, दोन्ही ठिकाणी अंतर मोजावे. अंतर सारखे येईपर्यंत दांडा सरकवावा आणि मगच बोल्ट आवळावेत.

३. गाडीचा पृष्ठभाग मेजापेक्षा कागदाच्या जाडीइतका उंच ठेवावा, म्हणजे फळी घासणार नाही.

४. गाडीवरील आडपट्टी गुण्याने काटकोनात बसवावी. सरळ कडेची फळी कापून एक तुकडा उलटावा, दोन्ही तुकड्यांची ती सरळ कड एकाच पट्टीस टेकवावी व कापलेल्या कडा जुळवाव्यात. दिसणारी फट ही खऱ्या चुकीच्या दुप्पट असते.

निगा व दक्षता

भुसा हा बेअरिंगचा वैरी होय. दोन्ही तोंडांस रबरी झाकण असलेलीच बेअरिंगे घ्यावीत. रोज काम संपताच दांडा पुसून पातळ यंत्रतेलाचा हात फिरवावा. दांड्यावर ग्रीसचा थर दिल्यास भुसा चिकटून बसतो. पावसाळ्यात दांड्याची कापलेली टोके आधी गंजतात, तिकडे विशेष लक्ष द्यावे. पात्यावरील संरक्षक झाकण व पात्यामागील फाळ काढू नये. गाडीवर आडवे कापताना मेजावरील लांबीची पट्टी दूर सारावी. तुकडा पाते व पट्टी ह्यांमध्ये सापडल्यास तो अंगावर उसळतो. नाकातोंडास मुखपट्टी बांधावी.

एवढी सुधारणा झाली की पहिली पेटी व पन्नासावी पेटी ह्यांची मापे सारखी येतील, आणि एका पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत विनासायास बसेल. मधपाळाची बरीचशी मेहनत त्यातच वाचते.