निरोप आणि निरोप्या

चर्चची घंटा संथपणे, एकेका ठोक्यामध्ये अंतर ठेवून वाजू लागली, की शेतात वाकलेला माणूस ताठ उभा राहतो आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतो. कोण गेले हे त्याला अजून ठाऊक नसते. पण कोणीतरी गेले, ही वार्ता एका क्षणात साऱ्या गावाला पोचलेली असते. निरोप पोचविण्याची जी अनेक साधने माणसाने शोधून काढली, त्यांपैकी हे एक फार जुने. आज त्या साधनांविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात येण्यास एक निमित्त घडले. ते पुढे सांगूच.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी निरोपाचे मोल पाहून त्याचे वाहन ठरत असे. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पेरणी आटोपली, गाय व्याली, सर्व खुशाल आहे, एवढे कळविण्यास ते पुरे. घरातले दुखणे, सावकाराचे देणे, मुलीच्या स्थळाची बोलणी ही पोस्टमनच्या डोळ्यांस पडू नयेत म्हणून बंद पाकीट. शेजारच्या हिंदू घरी येणाऱ्या लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावलेले असे, तर मरणाच्या वार्तेला काळी चौकट. पत्र उघडण्यापूर्वीच मनाची तयारी होई.

आणि तार? तिला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ती अगदी नडीलाच करावयाची. तारवाल्याची सायकल अंगणाशी थांबली की घरातील बायाबापड्या आधी रडू लागत आणि मग मजकूर वाचण्यास कुणा शिकलेल्याला बोलावीत. कित्येकदा तो मुलाला नोकरी लागल्याचा निघे! आपल्या देशात कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान १८५० साली पहिली प्रायोगिक तार घातली गेली. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि ती सेवा संपली. मधल्या काळात टेलिफोन आला, पण खेड्यात तो बहुधा एखाद्या दुकानातच असे. फोन आला की दुकानदार पोराला धाडी, आणि आपण पळत जाऊन तो घ्यावा. तेथेही आपण आणि वार्ता यांच्यामध्ये एक माणूस उभा होताच.

मोबाइल फोनने हा मधला माणूस नाहीसा केला. त्यामागची कल्पना मात्र वाटते तितकी नवी नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ सालीच ती मांडली गेली होती, आणि ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या फोनवरून पहिले संभाषण केले. तो फोन वजनाने किलोभराहून अधिक होता. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला. प्रारंभी येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत. २००३ साली ते बंद झाले, आणि मगच हे यंत्र मजुराच्या खिशात आले.

या फोनला बिनतारी म्हणतात, ते अर्धेच खरे. मधमाशीच्या पोळ्यात जसे घराला घर लागलेले असते, तसे सारा मुलूख लहान लहान विभागांत वाटून प्रत्येकास एक टॉवर दिलेला असतो. फोनच्या लहरी त्या टॉवरपर्यंतच हवेतून जातात. तेथून पुढे आवाजाचा प्रवास बहुतेक जमिनीत पुरलेल्या काचतंतूंतून होतो. मुलगा परदेशी असेल, तर समुद्राच्या तळाशी घातलेल्या केबलींतूनही. आपण एसटीतून जात असता एक टॉवर आपल्याला दुसऱ्याच्या हाती सोपवितो, आणि बोलणे तुटत नाही. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून डोंगर आडवा आला की पलीकडे सावली पडते. सह्याद्रीच्या कुशीतील आमच्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. दरीत फोनची बॅटरी लवकर का उतरते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते: दूरच्या टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोनला मोठ्याने ओरडावे लागते! अशा ठिकाणी व्हॉट्सॲप वा फोन लागला नाही, तरी साधा एसएमएस कित्येकदा निघून जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते. तसेच ११२ हा संकटाचा क्रमांक, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी, जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

२०२३ साली सरकारने पूर, वादळ यांच्या इशाऱ्याची एक चाचणी घेतली. टॉवरच्या टापूतील सर्व फोनांवर एकाच वेळी मोठा आवाज करीत संदेश उमटला. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी भिऊन फोन उशीखाली कोंबला. पण आम्हांला ती चर्चच्या घंटेचीच धाकटी बहीण वाटली; तिलाही कुणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाही.

आता निमित्त सांगतो. आमच्या परिचयाचे एक कुटुंब खानापूर तालुक्यात दरीतल्या गावी राहते. धाकटा मुलगा आखाती देशात कामाला. एका पहाटे आई वारली. थोरला भाऊ रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढला आणि त्याने दोनदा फोन लावला. परंतु धाकट्याचा फोन कामाच्या वेळी कपाटात बंद असे. दरम्यान शहरातल्या एका भाच्याने ही वार्ता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. दुपारी धाकट्याने कपाट उघडले, तेव्हा फोनवर पन्नासेक संदेश साचले होते. सांत्वनाचे शब्द, हात जोडलेली चित्रे, मेणबत्त्या. कुणाचे सांत्वन चालले आहे हे त्याला उमगेना. बोटाने वर वर सरकत तो मूळ संदेशापर्यंत गेला, आणि तेथे त्याला आईचे नाव दिसले. त्याच ग्रुपवर त्याच्या अगदी आदल्या संदेशात कुणीतरी आंब्याच्या लोणच्याची कृती धाडली होती.

भाच्याचा हेतू वाईट नव्हता. पोस्टकार्ड, पाकीट आणि तार या तिन्ही गोष्टी आता एकाच काचेवर, एकाच आवाजात येतात, आणि त्यांची निवड करण्याचे जे काम पूर्वी पैसे नि पोस्टखाते करीत असे, ते आता आपल्यावर येऊन पडले आहे. हे त्या पोराला कोणी शिकविले नव्हते. खरे म्हणजे आम्हांलाही नाही.

त्या घराने नंतर आपल्यापुरता एक नियम केला. धाकट्याच्या कामाच्या ठिकाणच्या कार्यालयाचा नंबर स्वयंपाकघरातील भिंतीवर खडूने लिहिला आहे. मोठी वार्ता असली की थोरला प्रथम तेथे फोन करतो आणि भावाला बोलावून घेतो; त्याच्याशी बोलून तो टेकडी उतरेपर्यंत ग्रुपवर कोणी अक्षर लिहावयाचे नाही. गेल्या पावसाळ्यात थोरल्याला मुलगी झाली. धाकट्याने ते भावाच्याच तोंडून ऐकले. भाच्याला संध्याकाळपर्यंत थांबावे लागले.