संघ थांबतो, मुलगी पुढे जाते

अमेरिकेत मार्च उजाडला की कॉलेजच्या बास्केटबॉलची हवा तापते. तिथे विद्यापीठांचे ‘कॉन्फरन्स’ नावाचे गट असतात. गटातले संघ हिवाळाभर एकमेकांशी भिडतात आणि शेवटी काही दिवसांची गटस्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेचं दार थेट उघडतं. हंगामभर मार खाल्लेल्या संघालाही ही शेवटची संधी असते. गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या आयोवा विद्यापीठाच्या मुलींनी ‘बिग टेन’ गटाची स्पर्धा २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं मारली. २०२४ मध्ये तर मुलींचा राष्ट्रीय अंतिम सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला.

आता शिरूर-दौंडकडे येऊ. शिरूरचं सी. टी. बोरा महाविद्यालय काय किंवा दौंडचं के. जी. कटारिया महाविद्यालय काय, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुणे जिल्हा विभागात येतात. विद्यापीठाचे खेळासाठी चार विभाग : पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आपलं कॉन्फरन्स म्हणायचं तर हाच विभाग. पण त्याचं गणित वेगळं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली तरी कॉलेजचा संघ जसाच्या तसा राष्ट्रीय पातळीवर जात नाही. तिथून विभागाचा संघ निवडतात, तो आंतरविभागीय स्पर्धा खेळतो, त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात.

म्हणजे इथे कॉलेज मागे राहतं आणि मुलगी पुढे जाते. संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला, तरी चांगल्या खेळाडूला वर चढता येतं. ही या पद्धतीची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. छोट्या गावातल्या कॉलेजात एक-दोन मुली तयारीच्या असतात, बाकीच्या अनेकदा कबड्डी-खो-खोतून ओढून आणलेल्या.

अडचण पुढे येते. बास्केटबॉल पाच जणींचा खेळ. संघात बारा खेळाडूंची नावं देता येतात, पण सहा-सात मुली घेऊन आलेला संघ काय करतो ते मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरपासून प्रशिक्षकाचं लक्ष गुणफलकापेक्षा फाउलच्या नोंदीवर. चार फाउल झालेली मुलगी बचावात हात मागे घेते आणि समोरची निवांत लेअप टाकून जाते. दम संपतो तो निराळाच. सामना हरला जातो तो कौशल्यामुळे नव्हे, बाकावर कुणी नसल्यामुळे.

अशा स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीच्या. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, एकूण ४० मिनिटं, की त्या संघाचं वर्ष संपलं! निवड समितीनं तेवढ्यात काय पाहायचं? शहरातल्या मुलीला क्लबचे सामने मिळतात, वरच्या दर्जाचा खेळ रोज डोळ्यासमोर असतो. भारतीय संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्याचीच. भीमेकाठच्या दौंडहून रेल्वेनं पुण्याला येता तरी येतं. शिरूरच्या मुलीला मात्र नगर रस्त्याची वाहतूक आणि एसटीचाच आधार. सरावासाठी हा प्रवास रोज कोण करणार?

तेव्हा नवं क्रीडासंकुल मागण्याआधी सामने मागावेत. रिंग मजबूत, मैदान सपाट आणि चेंडू मुलींच्या सहा नंबरचा, एवढ्यावर सुरुवात होते. शिरूर, दौंड आणि बारामतीच्या कॉलेजांनी विभागीय स्पर्धेआधी आपसात साखळी सामने ठेवावेत, एकदा तुमच्या मैदानावर, एकदा आमच्या. खर्च फक्त गाडीभाड्याचा, चहा-नाश्त्याचा आणि पंचांच्या मानधनाचा. क्रीडाशिक्षकांनी पुढच्या हंगामासाठी हे प्रवेश सुरू असतानाच ठरवावं, कारण परीक्षांची वेळापत्रकं एकदा लागली की मुली मैदानावर मिळत नाहीत.